अमेरिकेत डी.ओ. डॉक्टरचं लायसन्स कसं मिळवायचं: कॉलेजपासून पहिल्या प्रिस्क्रिप्शनपर्यंत

शिकागोच्या गणेशोत्सवात आरतीनंतर एका काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलीला ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात, डी.ओ. म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन' या पदवीसाठी, प्रवेश मिळाला होता. गावी फोन करून सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे डोळ्यांची डॉक्टर होणार!" त्यांचंही चूक नव्हतं. आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर एम.बी.बी.एस., डी.ओ. लिहिलं असेल तर ती नेत्ररोगाची पदविका असते. दुसऱ्या एका नातेवाइकांनी हाडवैद्य असा अर्थ लावला होता. काकूंचा प्रश्न मात्र एकच होता: "हिला खरंच डॉक्टर म्हणून लायसन्स मिळेल ना?"

मिळेल. पूर्ण मिळेल. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत डी.ओ. आणि एम.डी. (इथली दुसरी मूळ मेडिकल पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.च्या जागी) यांना औषधं लिहिण्याचे, शस्त्रक्रियेचे, इस्पितळात काम करण्याचे सारखेच हक्क आहेत. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ही विचारधारा मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. हे पूर्ण हक्क देणारं शेवटचं राज्य मिसिसिपी. तिथे ते १९७३ साली मिळाले. आजचा डी.ओ. विद्यार्थी एम.डी.सारखंच सगळं वैद्यक शिकतो आणि त्याशिवाय स्नायू, सांधे, मणके हातांनी तपासून उपचार करण्याचं सुमारे दोनशे तासांचं प्रशिक्षण घेतो.

मी या रस्त्याने गेले आहे. पुण्यात बी.एस्सी., लग्नानंतर अमेरिका, इथे डी.ओ., फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं इस्पितळातलं प्रशिक्षण) आणि इलिनॉयचं लायसन्स. परीक्षांनी मला फारसं अडवलं नाही, माझे तीन महिने कागदांनी खाल्ले. म्हणून पुढच्या टप्प्यांत परीक्षांबद्दल थोडं आणि कागदांबद्दल भरपूर लिहिलं आहे.

१. आधी बघा, हा रस्ता तुमचा आहे का

भारतात एम.बी.बी.एस. झालेल्यांनी इथेच थांबा. तुम्हाला डी.ओ. लायसन्स मिळू शकत नाही आणि त्याची गरजही नाही. तुमचा रस्ता ई.सी.एफ.एम.जी. या परदेशी मेडिकल पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र, यू.एस.एम.एल.ई. ही एम.डी.वाल्यांची लायसन्स परीक्षा, रेसिडेन्सी आणि मग लायसन्स देणारं राज्याचं मेडिकल बोर्ड असा जातो. डी.ओ.साठीची कॉमलेक्स परीक्षा तुम्हाला देताच येत नाही, ती ऑस्टिओपॅथिक कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. "डी.ओ.ला रेसिडेन्सी सोपी जाते, मी तिकडून अर्ज करू का?" असं विचारणारे दोन जण मला गेल्या वर्षात भेटले. तसं दार नाही.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये ऑस्टिओपॅथ झालेल्यांचंही असंच आहे. तिथला ऑस्टिओपॅथ हातांनी उपचार करणारा व्यावसायिक असतो, फिजिशियन नसतो. नाव सारखं असलं तरी ती पदवी अमेरिकेतल्या लायसन्सला चालत नाही. अमेरिकेतली मान्यताप्राप्त डी.ओ. पदवी हाच एकमेव पाया.

२. कॉलेज निवडताना मान्यता आणि व्हिसा तपासा

कॉलेजला 'कोका'ची, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजांना मान्यता देणाऱ्या आयोगाची मान्यता हवी. गेल्या काही वर्षांत नवी कॉलेजं खूप निघाली आहेत. नव्या कॉलेजची मान्यता कुठल्या पायरीवर आहे ते प्रवेशाची रक्कम भरण्याआधी कोकाच्या यादीत स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

बहुतेक कॉलेजांचे अर्ज अ‍ॅकोमास या एकाच सेवेतून जातात, एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. पदवी भारतातली असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तुमच्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन डब्ल्यू.ई.एस.सारख्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. दोन, बरीच कॉलेजं जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे पायाभूत विषय अमेरिकेतल्याच कॉलेजात झालेले मागतात. मी बी.एस्सी. असूनही कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षं हे विषय पुन्हा केले. तेव्हा वेळ वाया जातोय असं वाटायचं. पण एमकॅटला त्याचाच आधार झाला.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर आणखी सावध राहा. बरीच डी.ओ. कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. जी घेतात, त्यांतली काही फी भरण्याइतके पैसे खात्यात असल्याचा पुरावा आधी मागतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर पदवीनंतरची कामाची परवानगी बारा महिन्यांची असते आणि रेसिडेन्सी किमान तीन वर्षांची. उरलेल्या काळाचा व्हिसा कोण देणार हा प्रश्न रेसिडेन्सीच्या मुलाखतीतच विचारायचा. सामील झाल्यावर विचारलात तर उशीर झालेला असतो.

३. कॉमलेक्सच्या तीन पातळ्या

परीक्षा एन.बी.ओ.एम.ई. ही संस्था घेते. पहिली पातळी साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, दुसरी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सांध्यावर, तिसरी रेसिडेन्सीत. २०२२ च्या मेपासून पहिल्या पातळीला गुण मिळत नाहीत, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. दुसरीला उत्तीर्ण व्हायला ४०० लागतात, तिसरीला ३५०. तिसरी पातळी दोन दिवस चालते आणि ती रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातच उरकावी असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या वर्षी जबाबदाऱ्या वाढतात, अभ्यासाला सलग वेळ मिळत नाही.

पेशंटची भूमिका करणाऱ्या कलाकारांसमोर तपासणी करून दाखवायची परीक्षा पूर्वी होती. करोनाकाळात ती थांबली आणि पुढे कायमची बंद झाली. आता ते कौशल्य तुमच्यात आहे अशी ग्वाही कॉलेजचे डीन देतात. जुने लेख वाचून या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी अजून भेटतात, म्हणून सांगितलं.

यू.एस.एम.एल.ई. द्यायची का? लायसन्ससाठी गरज नाही, डी.ओ.ला सगळ्या राज्यांत कॉमलेक्स चालते. चुरशीच्या शाखेत रेसिडेन्सी हवी असेल तर उपयोग होतो. पण कॉमलेक्सच्या बदली ती चालत नाही, कारण पहिल्या दोन पातळ्या उत्तीर्ण झाल्याशिवाय डी.ओ. पदवीच मिळत नाही.

प्रयत्नांची संख्या मोजून असते. २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक पातळीला चारच संधी आहेत आणि काही राज्यांचे नियम त्याहून कडक आहेत. तयारी नसेल तर तारीख पुढे ढकला. ढकललेली तारीख लायसन्सच्या अर्जात कुणी विचारत नाही, नापास झालेला प्रयत्न कायम दिसतो.

४. रेसिडेन्सी आणि पहिलं, तात्पुरतं लायसन्स

२०२० पासून डी.ओ. आणि एम.डी. दोघांच्या रेसिडेन्सीला ए.सी.जी.एम.ई. हीच संस्था मान्यता देते. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी 'मॅच'चा, म्हणजे कुणाला कुठे रेसिडेन्सी मिळाली याचा, निकाल लागतो आणि साधारण १ जुलैला काम सुरू होतं. मधल्या तीन महिन्यांत त्या राज्याचं प्रशिक्षणार्थी लायसन्स काढायचं असतं. त्यावर फक्त तुमच्या प्रशिक्षणाच्या जागीच काम करता येतं. रेसिडेन्सीचं ऑफिस फॉर्म पाठवतं आणि पाठपुरावाही करतं, त्यामुळे बहुतेकांना ही पायरी जाणवतही नाही. तेव्हाच एक काम करून ठेवा: भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत जपा. पूर्ण लायसन्सच्या वेळी तेच प्रश्न पुन्हा येतात आणि उत्तरं जुळावी लागतात.

५. कुठल्या राज्याचं, कुठलं बोर्ड

अमेरिकेत डॉक्टरांना देशभर चालणारं एकच लायसन्स नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं. काही राज्यांत डी.ओ.साठी वेगळं बोर्ड आहे: कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा, मिशिगन, नेवाडा, ओक्लाहोमा, पेनसिल्व्हेनिया वगैरे. टेक्सास, न्यू जर्सी, इलिनॉयमध्ये डी.ओ. आणि एम.डी. दोघांची सोय एकाच ठिकाणी आहे. न्यूयॉर्कमध्ये तर हे काम राज्याच्या शिक्षण खात्याकडे आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

वेगळं बोर्ड असणं ही नुसती सरकारी विभागणी नाही. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात डी.ओ. आणि एम.डी. संघटना एक झाल्या, सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी घेतली आणि राज्यात नवीन डी.ओ. लायसन्स देणं बंद झालं. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते पुन्हा सुरू झालं. आज तिथल्या ऑस्टिओपॅथिक बोर्डाकडे अर्ज करताना या लढ्याची मला नेहमी आठवण होते.

व्यवहाराचं इतकंच: वेगळं बोर्ड असलेल्या राज्यात चुकून एम.डी.वाल्यांच्या मेडिकल बोर्डाचा अर्ज भरू नका. फी बहुधा परत मिळत नाही.

रेसिडेन्सीचा किती काळ पूर्ण झाल्यावर पूर्ण लायसन्स मिळतं, तेही राज्यागणिक बदलतं. फ्लोरिडात डी.ओ.ला बारा महिने पुरतात, इलिनॉयला चोवीस लागतात. काही राज्यांच्या स्वतःच्या अटी असतात: टेक्सासची कायद्याची परीक्षा, पेनसिल्व्हेनियाचं मुलांवरील अत्याचार ओळखण्याचं तीन तासांचं प्रशिक्षण, न्यूयॉर्कचं संसर्ग-नियंत्रणाचं प्रशिक्षण. बोर्डाच्या संकेतस्थळावरची यादी छापून भिंतीला लावा. दोन वर्षं आधी लायसन्स काढलेल्या मैत्रिणीला विचारून चालत नाही, नियम बदलतात.

६. कागद, आणि त्याआधी नाव

जवळजवळ प्रत्येक कागद मूळ ठिकाणाहून थेट बोर्डाकडे जावा लागतो. तुम्ही स्कॅन करून पाठवलेली कॉमलेक्सची गुणपत्रिका बोर्ड बघतही नाही. ती एन.बी.ओ.एम.ई.कडूनच यावी लागते. म्हणून तुमचं काम कागद पाठवण्याचं कमी आणि तो पोचला का हे दर आठवड्याला विचारण्याचं जास्त.

साधारण लागणारी यादी:

- पासपोर्ट किंवा प्रमाणित जन्मदाखला
- नाव बदललं असेल तर प्रत्येक बदलाचा पुरावा: विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, कोर्टाचा आदेश किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र
- डी.ओ. पदवीची प्रत आणि कॉलेजकडून थेट जाणारी ट्रान्सक्रिप्ट
- कॉमलेक्सच्या तिन्ही पातळ्यांची गुणपत्रिका
- रेसिडेन्सीच्या प्रत्येक ठिकाणाहून प्रशिक्षणाची पडताळणी. एक वर्ष एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे केली असतील तर दोन्हीकडून
- आधी कुठल्याही राज्याचं लायसन्स असेल तर, अगदी प्रशिक्षणार्थी असलं तरी, त्याची पडताळणी
- बोटांचे ठसे आणि पोलीस तपासणी
- काही राज्यांत नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेचा (डॉक्टरांवरच्या कारवाया आणि दाव्यांची केंद्रीय नोंद) तुमच्याबद्दलचा अहवाल
- मेडिकल कॉलेजपासून आजपर्यंतचा महिनावार तपशील

यातले बरेच कागद एफ.सी.व्ही.एस. या सेवेकडे एकदा गोळा करून ठेवता येतात, मग ती कुठल्याही राज्याला पाठवते. काही राज्यं ती सक्तीची करतात. सक्ती नसेल तरी पुढे राज्य बदलण्याची शक्यता असल्यास पैसे मोजून हे करा. कॉलेज बंद पडतं, रेसिडेन्सीचा कार्यक्रम दुसऱ्या इस्पितळात विलीन होतो, डायरेक्टर निवृत्त होतात. दहा वर्षांनी पडताळणी कुणाकडे मागणार?

आता नाव. आपल्या मराठी माणसांची खरी अडचण इथे होते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. अमेरिकेत आल्यावर वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्याच नावाचा भाग बनतं, कधी गळून जातं. मुलींचं तर लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. म्हणजे एकाच बाईची कागदोपत्री तीन नावं.

माझं असंच झालं. कॉलेजात प्रवेश घेताना पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता, म्हणून पदवीवर आणि कॉमलेक्सच्या पहिल्या दोन पातळ्यांवर तेच नाव आलं. रेसिडेन्सीत असताना नागरिकत्व मिळालं, तेव्हा मी माहेरचं आडनाव मधे घेऊन नाव बदललं आणि तिसरी पातळी नव्या नावाने दिली. अर्ज केल्यावर बोर्डाला एका व्यक्तीची पदवी दिसत होती आणि दुसऱ्या व्यक्तीची परीक्षा. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रामागचा नावबदलाचा कागद मी अर्जासोबत जोडलाच नव्हता. बोर्डाचं पत्र गेलं रेसिडेन्सीच्या वेळच्या जुन्या पत्त्यावर. या गोंधळात तीन महिने गेले, नोकरीची तारीख पुढे गेली आणि ज्या दवाखान्यात मी रुजू होणार होते तिथल्या पेशंटना तितके दिवस डॉक्टरविना काढावे लागले. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं.

म्हणून कळकळीने सांगते. मेडिकल कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एक नाव पक्कं करा, अक्षरांसकट, आणि पासपोर्ट, कॉलेज, एन.बी.ओ.एम.ई., सगळीकडे तेच ठेवा. नाव बदलायचंच असेल तर पदवीच्या आधी बदला. पदवीनंतर बदललंत तर एन.बी.ओ.एम.ई.च्या खात्यातही लगेच बदलून घ्या.

भारतातला जन्मदाखलाही आत्ताच काढून बघा. पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं असतात. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवून नवा दाखला घेता येतो. त्यासाठी सुट्टीत गावी गेल्यावर दोन दिवस राखून ठेवा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही लागतं.

७. अर्जातले प्रश्न

अर्जात शिक्षणात पडलेला खंड, प्रोबेशन, पुन्हा दिलेलं वर्ष, अटक, दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा, असे प्रश्न असतात. खरं उत्तर द्या, अगदी क्षुल्लक वाटलं तरी. बाळंतपणासाठी किंवा आईच्या आजारपणात भारतात जाण्यासाठी घेतलेली रजा लपवण्यासारखी नाही, चार ओळींत कारण लिहिलं की विषय संपतो. पण तुम्ही "नाही" लिहिलंत आणि कॉलेजकडून आलेल्या पडताळणीत ती रजा दिसली, तर तक्रार रजेची राहत नाही, खोटं बोलण्याची होते.

मानसिक आरोग्याबद्दल आपले विद्यार्थी फार घाबरतात. समुपदेशन घेतलं तर लायसन्स जाईल, या भीतीने उपचार टाळतात. बऱ्याच बोर्डांनी हा प्रश्न बदलला आहे: सध्या सुरक्षितपणे काम करण्यात अडथळा येतो अशी काही स्थिती आहे का, एवढंच विचारतात. प्रश्न शब्द न् शब्द वाचा आणि जेवढं विचारलंय त्याचंच उत्तर द्या. शंका असेल तर अर्जाआधी वकिलाचा एक तासाचा सल्ला घ्या. पण गरज असताना उपचार थांबवू नका.

बोटांच्या ठशांबद्दल: कॅलिफोर्नियाची लाइव्ह स्कॅन (संगणकावर ठसे घेण्याची) पद्धत राज्यात असलेल्यांसाठीच आहे, बाहेरून अर्ज करणाऱ्यांना शाईच्या ठशांचं कार्ड पाठवावं लागतं. सारखे हात धुऊन डॉक्टरांची बोटं कोरडी पडतात, ठसे अस्पष्ट येतात आणि कार्ड परत येतं. आधीचे चार दिवस रात्री हाताला क्रीम लावा आणि दोन कार्डं करून घ्या.

८. लायसन्स आलं, तरी लगेच औषध लिहिता येत नाही

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. एन.पी.आय. हा डॉक्टरची ओळख पटवणारा दहा अंकी क्रमांक फुकट मिळतो आणि तो बहुधा रेसिडेन्सीतच घेतलेला असतो. नियंत्रित औषधं (व्यसन लागू शकणारी वेदनाशामकं वगैरे) लिहायला डी.ई.ए. या केंद्रीय संस्थेची नोंदणी लागते, तीन वर्षांची फी ८८८ डॉलर. इलिनॉयसारख्या राज्यात त्याआधी राज्याचं वेगळं नियंत्रित औषध लायसन्स लागतं. ते नसताना डी.ई.ए.चा अर्ज केलात तर अडकतो. २०२३ च्या जूनपासून डी.ई.ए. नोंदणीसाठी व्यसनाधीनतेच्या उपचाराचं आठ तासांचं प्रशिक्षणही लागतं. नुकतीच पदवी घेतलेल्यांचं ते बहुधा कॉलेजात झालेलं असतं, कॉलेजकडून तसं पत्र घेऊन ठेवा.

मग इस्पितळाची आणि विमा कंपन्यांची छाननी. तिला सहज तीन-चार महिने लागतात. रेसिडेन्सी जूनमध्ये संपत असेल तर पूर्ण लायसन्सचा अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत करा, दिवाळीच्या आत.

९. दुसरं राज्य

नवरा किंवा बायकोची नोकरी बदलते, आईवडील दुसऱ्या राज्यात भावाकडे राहतात, टेलिमेडिसिन करायचं असतं. यासाठी राज्याराज्यांतला लायसन्स करार आहे. तो २०१७ पासून चालू आहे आणि आता बहुतेक राज्यं त्यात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात सामील झालेली नाहीत. अर्जाची फी ७०० डॉलर, शिवाय प्रत्येक राज्याची वेगळी. तुमचं मुख्य राज्य करारात हवं, रेसिडेन्सी पूर्ण हवी, बोर्ड सर्टिफिकेशन (आपल्या शाखेतल्या तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र) हवं आणि कॉमलेक्सची प्रत्येक पातळी जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत उत्तीर्ण हवी. विस्कॉन्सिनचं लायसन्स मी असंच काढलं आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर हातात पडलं, कारण नावाचा गुंता तोवर सुटला होता.

लायसन्स नूतनीकरणाच्या तारखा आणि त्यासाठी लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाचे तास फोनच्या कॅलेंडरात टाका. इलिनॉय आणि मिशिगन दोन्हीकडे तीन वर्षांत १५० तास लागतात. घर बदललंत की बोर्डाच्या खात्यातला पत्ता आणि ईमेल त्याच आठवड्यात बदला. ईमेल कॉलेजचा किंवा इस्पितळाचा देऊ नका, तिथून बाहेर पडल्यावर तो बंद होतो. सुरुवातीपासून स्वतःचा द्या.